आक्काच्या ट्रॅक्टरचं तेल

किसनभाऊ गेले हे मला नोटीस बोर्डावरून कळलं. पहिल्या पाळीला आत शिरताना टाइम ऑफिससमोरच्या फळ्याकडे मी सवयीने बघतो. सुट्ट्यांची यादी, सोसायटीची सभा, कुणाचं तरी हरवलेलं घड्याळ, असलंच काहीबाही तिथे असतं. त्या दिवशी खडूने लिहिलं होतं, 'देखभाल विभागातील फिटर किसन धोंडिबा, निघोजे, यांचे दुःखद निधन झाले.' खाली टोकन नंबर. आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा, तर टोकन नंबरचे शेवटचे दोन आकडे उलटे पडलेत! मी तरातरा आत जाऊन टाइमकीपरशी भांडलो. माणसाचा साधा नंबर तुम्हाला नीट लिहिता येत नाही का, वगैरे. तो बिचारा खडू घेऊन बाहेर आला, आकडे पुसून नीट लिहिले, आणि मग माझ्याकडे बघतच राहिला. कारण मी कट्ट्यावर बसून ते खडूचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होतो...

त्याला आता सहा आठवडे झाले. आदल्या दिवशी पहाटे पाळीला निघण्यासाठी सायकल बाहेर काढताना छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत खेळ संपला, असं नंतर त्यांच्या घरी समजलं. वय पन्नाशीच्या आसपास. फिटर माणसावर रविवारच्या पुरवणीत लेख येत नसतो हे मला ठाऊक आहे. ना त्यांना कधी बक्षीस मिळालं, ना ते कधी युनियनच्या स्टेजवर चढले. पण मी लिहितोय, कारण त्यांनी माझी एक चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि ती उतरवून ठेवायची संधी मला एकदाही दिली नाही. खरं सांगायचं तर मीही ती फारशी मागितली नाही.

आमची ओळख झाली ती तेलावरून. मी बी.एस्सी. होऊन पिंपरीच्या आमच्या कारखान्यात लॅब असिस्टंट म्हणून नवा नवा लागलो होतो. माझे वडील त्याच कारखान्यात फाउंड्रीत वाळू उपसायचे. आमच्या अख्ख्या वस्तीत पांढरा कोट घालून कामाला जाणारा मी पहिला, त्यामुळे तो कोट मी जरा जास्तच कडक इस्त्रीचा घालायचो. एके दुपारी लॅबच्या दारात एक उंच, काटक माणूस चपला काढून उभा होता. हातात जेवणाच्या डब्याचं झाकण, झाकणात काळपट तेल. मी म्हणालो, "अहो, चपला घालून या, इथे फरशीवर काचा असतात." तर म्हणाले, "असू द्या साहेब. तुमची शिकायची जागा हाय ही." मला साहेब म्हणणारा तो पहिला माणूस. मी संकोचून म्हणालो, साहेब म्हणू नका, माझं नाव मधुकर. "मग मधूभाऊ," त्यांनी लगेच ठरवून टाकलं. वडिलांना ते ओळखत होते. "गायकवाड तात्यांचं पोरगं व्हय तुमी? बरं झालं," एवढंच म्हणाले, आणि ते 'बरं झालं' इतकं मनापासून होतं की मला आजही ऐकू येतं.

झाकणातलं तेल त्यांच्या बहिणीच्या ट्रॅक्टरचं होतं. ही बहीण म्हणजे आक्का. महाळुंग्याला दिलेली. नवऱ्याने बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला एका बागाईतदाराकडून एक लहानसा परदेशी ट्रॅक्टर जुना म्हणून घेतला होता, आणि दोन वर्षांत तो माणूसच गेला. लोकांना वाटलं, आता ही बाई ट्रॅक्टर मोडीत घालणार. आक्काने काय केलं, तर भावाकडून चालवायला शिकली. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती सीटवर बसायची आणि महाळुंगे, निघोजे, खराबवाडी असं फिरून लोकांची रानं नांगरून द्यायची. पहिल्या वर्षी माणसं बांधावर उभी राहून हसली. दुसऱ्या वर्षी त्याच माणसांनी नंबर लावले, कारण मोठा ट्रॅक्टर जिथे वळत नाही तिथे हा वळायचा, आणि आक्का नांगराच्या तासाला वाकडी रेघ पडू देत नसे. तिचं घर त्या ट्रॅक्टरवर चालत होतं. आणि ट्रॅक्टर किसनभाऊंच्या हातावर.

त्या ट्रॅक्टरची अडचण अशी होती की त्याच्या एकाच पोटात दोन बिऱ्हाडं होती. गियर आणि नांगर वर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट, दोघांना तेल एकच. गियरला जाड तेल मानवतं, दातावर दात घासत नाही. लिफ्टच्या पंपाला पातळ लागतं, नाहीतर थंडीच्या सकाळी तो नुसता कण्हत बसतो. मग घालायचं कोणतं? सोबत आलेलं पुस्तक जपानीत. किसनभाऊंनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलं होतं. त्यातली चित्रं त्यांना पाठ होती, अक्षर एकही नाही. फक्त एका पानावर तेलाच्या डब्याच्या चित्राशेजारी एक आकडा वाचता यायचा, ८०. तेवढ्या आकड्यावर त्यांनी चाकणपासून पुण्यापर्यंत दुकानं पालथी घातली होती. ऐंशी नंबरचं तेल कुठेच मिळत नव्हतं. जुन्या मालकाने भरलेलं तेल आता डांबर व्हायला आलं होतं.

त्यांची तेल तपासायची पद्धत बघून मला हसू आलं होतं. दुधाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी खिळ्याने भोक पाडलेलं. त्यात तेल काठोकाठ भरायचं, भोकावरचं बोट काढायचं आणि मोठ्याने आकडे मोजायचे. डबा रिकामा व्हायला किती आकडे लागले, ते तेल तितकं जाड. मग बोटावर चोळायचं, हुंगायचं, कधी कधी जिभेलाही लावायचं. मी त्यांना आमचं तेलाची जाडी मोजायचं काचेचं यंत्र दाखवलं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं, बारीकसारीक प्रश्न विचारले आणि म्हणाले, "म्हंजे आपलं डब्याचंच की हे, फकस्त काचंचं." मला राग आला. आता वाटतं, बरोबरच बोलले होते ते.

मी सुचवलं नव्वद नंबरचं गियर तेल. आमच्या कारखान्याच्या ट्रकांना तेच घालत. जड दाबासाठी बनवलेलं, बाजारात सहज मिळणारं आणि सगळ्यांत भारी समजलं जाणारं. म्हटलं, ऐंशी मिळत नाही ना, मग नव्वद घ्या. जुनं यंत्र आहे, दात झिजलेत, थोडं जाड बरंच. किसनभाऊंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला, थेंब बोटावर चोळला. मग म्हणाले, "मधूभाऊ, ह्याला गंधकाचा वास हाय. पंपाचे बुश, दांडा ज्यात फिरतो त्ये, पिवळ्या धातूचे हायत आतमधी. खाणार तर न्हाई त्येस्नी?"

इथे मला थांबायला हवं होतं. गंधक असलेलं तेल तांब्या-पितळेला खातं का, हे बघायची परीक्षा मी स्वतः दर सोमवारी करत होतो! घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी तापवलेल्या तेलात तीन तास बुडवायची आणि काळी पडते का बघायचं. कारखान्यात धातू कापताना सोडायच्या तेलावर, पिंपामागून पिंपावर मी ती केली होती. आक्काच्या ट्रॅक्टरसाठी नाही केली. वेळ नव्हता असंही नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की चौथी शिकलेला एक फिटर माझ्या पांढऱ्या कोटाला प्रश्न विचारतोय. मी म्हणालो, "गंधक मुद्दाम घालतात हो किसनभाऊ, गियरच्या रक्षणासाठी. हे शास्त्र आहे." ट्रॅक्टर आतून कसा असतो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी बूच लावलं. "तुमी म्हणताय तर घालू," म्हणाले.

सुरुवातीचे काही महिने सगळं उत्तम चाललं. जाड तेलाने गियरचा आवाज कमी झाला. आक्काने मला मुद्दाम बोलावून घेतलं, ओसरीवर बसवलं, घरातल्या माणसांच्याच कपात चहा दिला. 'घरातल्या माणसांच्याच' हे मी का लिहितोय, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या काळी आमच्या आडनावाच्या माणसासाठी बऱ्याच घरांत कप वेगळा असायचा, गोठ्याच्या कोनाड्यात. आक्काकडे तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "शिकलेल्या मानसाची गोष्टच न्यारी." मी फुगून घरी आलो.

दसऱ्याच्या आसपास, ऐन रब्बीच्या तोंडावर लिफ्ट बसली. नांगर वर उचलेना, उचलला तर धरून राहीना. आक्काने गावोगाव शब्द दिलेले, ज्वारीचा वापसा, पेरणीजोगा ओलावा, कुणासाठी थांबत नाही. चार दिवसांत तिचे सगळे नंबर दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे गेले आणि हंगाम हातचा गेला. किसनभाऊंनी रजा टाकून पंप खोलला. पाचव्या दिवशी ते लॅबच्या दारात आले, चपला काढल्या, रुमालाची गाठ सोडली आणि माझ्या टेबलावर एक बुश ठेवला. काळानिळा पडलेला, आतून खाल्लेला. एका बाटलीत काढलेलं तेल होतं. उजेडात धरलं तर त्यात पिवळी चमक तरंगत होती. मी त्याच दुपारी त्या तेलाची पट्टी लावली. तीन तासांनी बाहेर काढली तर कोळशासारखी. म्हटलं, मी येतो महाळुंग्याला, आक्काला सांगतो.

"न्हाई," ते म्हणाले. "म्या सांगून आलोय. माझीच चूक झाली म्हनलं."

मी चिडलो, वाद घातला. तेव्हा ते माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले. लॅबमध्ये त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "हे बघा मधूभाऊ. तुमचं नाव निघालं तर गावातली मानसं तेलाचं बोलायची न्हाईत, दुसरंच काढत्याल. हेंच्या हातचं घ्यायला कुणी सांगितलं, आसं म्हनत्याल. आक्काच्या घरात तुमी ज्या वसरीवर बसलाव, तिथं तुमच्यातलं पुन्हा कुणी बसाया नको, आसं व्हईल. माझं काय, भाऊच हाय मी. चिडंल, वरडंल, यील परत." आणि मग जरासं हसून, "आन् वास तर मलाबी आलाच व्हता की. घातलं कुणी? मीच."

मी वाद सोडला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच. त्यातलं पहिलं जास्त होतं, हे आज कबूल करतो.

आक्का मात्र परत आली नाही, निदान लवकर नाही. किसनभाऊंनी कारखान्याच्या भंगारातून रीतसर पावती करून पिवळ्या धातूचा तुकडा घेतला, लेथवर नवे बुश काढले, चार दिवस तिच्या अंगणात राबून पंप बसवला. त्या चार दिवसांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आता ह्या दारात येऊ नगंस." ते सायकल घेऊन निघून आले.

तेल मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, जेवणाच्या सुट्टीत, मोठ्या साहेबांची परवानगी काढून. लॅबच्या एका जाडजूड पुस्तकात मला एक तक्ता सापडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गियर तेलाचे आकडे आणि इंजिन तेलाचे आकडे वेगवेगळ्या फूटपट्ट्यांवरचे असतात. गियरचं ऐंशी आणि इंजिनचं तीस, जाडी जवळपास एकच! जे तेल किसनभाऊ चाकण ते पुणे शोधत फिरले, ते दुसऱ्या नंबराने कोपऱ्यावरच्या दुकानात पडून होतं. गंधकाचा वास नसलेलं, साधं. आम्ही त्याची पट्टी लावली. ती जशी घातली तशी लख्ख बाहेर आली. किसनभाऊंनी ती ओठांवर हसू घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिली. मग दुधाचा डबा काढला आणि तेही मोजलं. या वेळी मी मोठ्याने आकडे म्हटले.

पण ते तेल घेऊन जायचं कुणी? त्यांना तर दार बंद. मग मी गेलो. वर्षभराने पुन्हा बदलायची वेळ आली तेव्हाही मीच गेलो. ते माझ्याबरोबर सायकलवरून यायचे आणि महाळुंग्याच्या अलीकडच्या वळणावर बाभळीखाली थांबायचे. मी आत जाऊन, पाठ केलेलं सगळं करायचो. आधी अर्धा तास ट्रॅक्टर चालवायचा म्हणजे तेल तापून पातळ होतं आणि गाळ घेऊन उतरतं, मग बूच काढायचं, जाळी रॉकेलमध्ये धुवायची. मध्येच काहीतरी विसरायचो आणि "पिशवी सायकलला राहिली" असं सांगून वळणापर्यंत पळत जायचो. "बुचाखालचा वायसर तांब्याचा हाय, त्यो उलटा बसवू नका," असं ते मला सांगायचे आणि विचारायचे, "आक्का बरी हाय का? गुडघा दुखतोय का अजून?" मी परत जायचो. आक्का चहा द्यायची आणि म्हणायची, "तुमी हाव म्हणून चाललंय बघा. सख्ख्या भावानं इस्कोट केला." मी तो चहा प्यायचो... बाभळीखाली उन्हात बसलेला माणूस मला ओसरीवरून दिसत नव्हता, पण तो तिथे आहे हे मला माहीत होतं. आणि मी तो चहा प्यायचो.

दोन वर्षांनी तिचा राग निवला. कुणी मध्यस्थी केली नाही. एक दिवस तिनेच निरोप धाडला, ये म्हणून. किसनभाऊंनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मी म्हणालो, आता तरी सांगू द्या. त्यांनी मान हलवली. "मिटलंय न्हवं? मग उकरायचं कशापायी." पुढची वर्षं अशीच गेली. पिंपरीत नव्या शेड उभ्या राहिल्या, मी सीनियर असिस्टंट झालो, लग्न झालं, माझ्या मुलीच्या बारशाला आक्का कुंची शिवून घेऊन आली. किसनभाऊ लॅबच्या दारात चपला काढतच राहिले. काही विचारायचं असलं की आजूबाजूला कुणी नाही असं बघून विचारायचे, म्हणजे मला उत्तर आलं नाही तर कुणाला कळू नये. हे मला फार उशिरा समजलं.

मागच्या रविवारी मी महाळुंग्याला गेलो. आक्का आता साठीच्या पुढे आहे, पण ट्रॅक्टर तीच चालवते. भावाबद्दल आम्ही थोडं बोललो. मग ती मला शेडमध्ये घेऊन गेली. कोपऱ्यात तेलाचा नवा कोरा डबा होता. "रब्बीच्या आधी तेल बदलायचं हाय. चाकणचा दुकानदार म्हनतो, ट्रॅक्टरसाठी नवीन तेल निघालंय. गेरला अन् लिफ्टला मिळून एकच. लई भारी हाय म्हनतो. घालू का?" मी म्हटलं, मला कशाला विचारता? तिने सीटखालची हत्यारांची पेटी उघडली आणि झाकण माझ्याकडे वळवलं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने, किसनभाऊंच्या त्या एकेक अक्षर सुटं काढायच्या पद्धतीने लिहिलेलं होतं, 'गेर व लिफ्ट, ३० नंबर, बिनवासाचे. अडल्यास मधूभाऊंना विचारणे.'

तेल बदलताना हत्यारं मी पिशवीतून न्यायचो, ती पेटी कधी उघडलीच नव्हती. एवढं सगळं होऊनही त्या माणसाने हे लिहून ठेवलं होतं. मला त्या झाकणासमोर उभं राहवेना. मी आक्काला सगळं सांगितलं. गंधकाचं, पट्टीचं, स्टुलावर बसून ते जे बोलले त्याचं, बाभळीचं. काही लपवलं नाही.

ती ट्रॅक्टरच्या चाकाला हात टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "दोन भाऊबिजा गेल्या माझ्या. दोन्ही बारीला ताट करून ठिवलं व्हतं म्या. निरांजन लावलं आन् इझवलं. बलावलं न्हाई त्याला." ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "आक्का, ती खालची ओळ खोडून टाका. माझं नाव तिथे नको."

"त्ये किसननं लिवलंय," ती म्हणाली. "त्याला कुणी हात लावायचा न्हाई. तुमीबी न्हाई." आणि मग, आवाज जरासुद्धा मऊ न करता, "आता सांगा. घालू का नको?"

"मला ठाऊक नाही आक्का," मी म्हणालो. "थोडं बाटलीत द्या. तपासून सांगतो."

त्या दिवशी तिने चहा विचारला नाही. बाटली भरून दिली, बूच घट्ट आहे का ते दोनदा बघितलं आणि आत निघून गेली. काल मी पट्टी लावली. लख्ख निघाली. मी नवी पट्टी घासून पुन्हा लावली, तीही तशीच निघाली. उद्या तिसरी लावणार आहे, आणि येत्या रविवारी महाळुंग्याला जाऊन काय ते सांगणार आहे. रब्बी तोंडावर आलीय, लोक नंबर लावायला येतायत. पण तोवर आक्काने ट्रॅक्टर उभा ठेवलाय.